विसाव्याचे वीस दिवस

मार्च २०२४ मधली गोष्ट. दुपारची सुट्टी झाली होती, खिचडीचं पातेलं व्हरांड्यात आलं होतं आणि मी खांबाला टेकून मोबाइलवर जेवणाऱ्या मुलांची संख्या भरत होते. आमच्या वाडीवर रेंज त्या एका खांबापाशीच मिळते. दुसरीतला एक मुलगा पुस्तक घेऊन आला. जूनपासून हा मुलगा जोडाक्षर आलं की थांबायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. "बाई, ऐका ना," म्हणाला, आणि त्याने सबंध वाक्य वाचलं. बोट न ठेवता. मी मान वर न करता "हं" म्हटलं. तो जरा वेळ उभा राहिला, मग पुस्तक मिटून ताट घ्यायला गेला.

हे मला रात्री अंथरुणावर आठवलं. आठवूनही काही वाटलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. २००७ साली शिक्षणसेवक म्हणून तीन हजार मानधनावर लागले, तेव्हा एखादं मूल वाचायला लागलं की मी घरी येऊन तासभर तेच सांगत बसायचे. आता सतरा वर्षांनी मी बोटांवर मोजत होते, की वीस वर्षं भरून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घ्यायला अजून तीन राहिली.

माझी शाळा कोकणातल्या एका वाडीवर आहे. दोन शिक्षकी, पट सतरा. त्या शैक्षणिक वर्षात, डिसेंबरात, दुसरे गुरुजी तात्पुरत्या व्यवस्थेत दुसऱ्या शाळेवर गेले आणि पहिली ते चौथी चारही वर्ग माझ्याकडे आले. वीसच्या आतल्या शाळांचं पुढे काय होणार, ही टांगती तलवार होतीच. जानेवारीत शाळा सुंदर करायचं अभियान, त्यातच शेवटच्या आठवड्यात मराठा समाज आणि खुल्या प्रवर्गाचं घरोघरचं सर्वेक्षण, प्रत्येक घरी लांबलचक प्रश्नावली, ॲप अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. मार्चमध्ये १७ तारखेला, रविवारी, नवसाक्षर आजी-आजोबांची परीक्षा. मधेमधे यूडायस म्हणजे शाळेची ऑनलाइन माहिती, आधार जुळत नसलेली मुलं, तांदळाचा साठा, फोटो, फोटोंची लिंक, लिंक भरल्याचा स्क्रीनशॉट. यातलं एकेक काम वाईट नाही. त्या आजींनी परीक्षेला स्वतःची सही केली तेव्हा मलाही भरून आलं होतं. पण सगळी मिळून ती मुलांच्या वेळात घुसतात, आणि मुलांचा वेळ गेला की आपण शिक्षक आहोत हे आतून पुसट होत जातं.

आम्ही शिक्षक याला बर्नआउट म्हणत नाही. "वीट आलाय," म्हणतो. "डोकं चालत नाही," म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात याची नीट व्याख्या केली. हा आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून तो नोंदवला आहे. त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत. पार गळून जाणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मी वाचलं तेव्हा दुसऱ्या खुणेपाशी थांबले. ते माझं "हं" होतं. आणि "कामाच्या ठिकाणी" या शब्दांनी मला मोठा आधार दिला. तोवर मी समजत होते की मीच कमी पडते, माझ्यातली माया आटली.

१ मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले, चौथीच्या मुलांचे दाखले लिहिले, उरलेला तांदूळ मोजून कपाटाला कुलूप लावलं. २ मे ते १४ जून, ४४ दिवस सुट्टी. पण ७ मेला लोकसभेचं मतदान होतं आणि मला मतदान अधिकारी म्हणून आदेश होता. पहाटे साडेपाचला मॉक पोल म्हणजे चाचणी मतदान, सातला मतदान सुरू, सहाला बंद, मग सगळे कागद, मोहरा, पाकिटं, आणि यंत्रं जमा करून घरी आले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. निवडणूक, जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य ही कामं शिक्षकाला देता येतात, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये तसं लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या शिक्षक मैत्रिणींना एवढंच सांगते, की सुट्टीत असं काम केलंत तर हजेरीचं प्रमाणपत्र जपून ठेवा आणि त्या दिवसांची रजा सेवापुस्तकात नोंदवून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि मागायला लाजल्यामुळे आपल्यातल्या कितीतरी जणी तो सोडून देतात.

मला वाटलं होतं, आता झोपले की झालं. तसं झालं नाही. दोन दिवसांनी आंबा घाट चढून आम्ही देशावर सासरी गेलो आणि माझे हात रिकामे राहीनात. दर दहा मिनिटांनी मोबाइल उचलायचा. आमच्या शाळांच्या केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा, निवडणुकीचा, पालकांचा. मोजले तर अकरा निघाले. पहाटे चारला जाग यायची आणि डोळ्यांपुढे रकाने दिसायचे.

त्यात सासरी मे महिना म्हणजे वर्षाची बेगमी. गव्हाचा चीक, कुरडया, उडदाचे पापड, सांडगे, चटणीची मिरची कांडपाला न्यायची, शिवाय दोन लग्नं आणि एक वास्तुशांत. शिक्षिका सून सुट्टीला आली की सगळ्या भावकीला वाटतं, हिला काय, दीड महिना मोकळीच आहे. मी आठ दिवस चीक घाटला. एके दिवशी सकाळी पातेल्यासमोर बसले असताना हातातून पळी सुटली आणि मला रडू आवरेना. कारण काहीच नव्हतं. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चूल मागे ओढली आणि इतकंच विचारलं, "कवाधरनं असं हुतंय?" मी म्हटलं, जानेवारीपासून. त्या म्हणाल्या, "मग सांगायचं न्हाई व्हय गं." यजमानांना त्यांनीच हाक मारली आणि मला माहेरी सोडून यायला सांगितलं.

हे मी मुद्दाम लिहितेय. बाई शिक्षिका असेल तर तिची सुट्टी शाळा बंद झाल्याने सुरू होत नाही. ती घरात कुणीतरी सुरू करून द्यावी लागते. आणि घरच्यांना आपलं दुखणं दिसत नाही, कारण आपण ते दाखवत नाही. मी आठ दिवस आधी बोलले असते तर आठ दिवस वाचले असते.

माझं माहेर तासगाव तालुक्यात. दादाची दोन एकर द्राक्षबाग आहे. मी पोचले १९ मेला. बागेची खरड छाटणी एप्रिलच्या मध्यावर झाली होती आणि सबकेन करायचं, म्हणजे नव्या फुटींचे शेंडे खुडायचं, काम चालू होतं. ज्यांना बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षाच्या वेलीला आमच्याकडे वर्षातून दोनदा कात्री लागते. माल निघाल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. घड दिसतो तो ऑक्टोबरनंतर. पण तो घड तयार होतो उन्हाळ्यात, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे फूट निघते त्या गाठीच्या, आत, कुणाला दिसत नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना दादाने विचारलं, सुट्टी लागून किती दिवस झाले. मी म्हटलं, अठरा. "मग इसावा किती झाला?" मला उत्तर सुचेना. तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं.

"आगं तायडे, माल काढल्या-काढल्या कुणी कात्री लावतंय व्हय? येल रिकामा झालेला असतोय. जेवढी ताकद हुती तेवढी घडात गेली. मग पंधरा-ईस दिस पानी द्यायचं, चारी मारून शेणखत घालायचं, आन् गप बसायचं. पानं कामाला येतात, खोडात, मुळीत परत साठा हुतोय. मग छाटणी. एक साल मी घाई केलेली. माल उशिरा निघालेला, म्हणून आठव्या दिवशी कात्री लावली. डोळं मागं-पुढं फुटलं, काड्या बारीक, आन् ऑक्टोबरात छाटल्यावर घड जिरलं. निम्मी बाग मोकळी."

घड जिरणं म्हणजे घड यायच्या जागी नुसती बाळी येणं. वेल हिरवीगार दिसते, पण धरायला काही नसतं. मी दादाला त्या मुलाचं, माझ्या त्या "हं"चं सांगितलं. तो गप्प बसला आणि जरा वेळाने म्हणाला, "ईस दिस शाळेचं नाव काढायचं न्हाई."

त्या दिवशी मी सिमकार्ड काढून आईच्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. सुट्टीत माझ्या जागी काम बघणाऱ्या गुरुजींना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना फोन करून सांगितलं, की खरंच अडलं तर फोन करा, मेसेज बघणार नाही. हे करताना छातीत धडधडत होतं. वाटत होतं, काहीतरी राहील, कुणीतरी ओरडेल, खुलासा मागतील. १४ जूनपर्यंत एकच फोन आला. शाळेच्या पाण्याच्या टाकीची किल्ली कुठे आहे, एवढंच विचारायला.

पहिले तीन-चार दिवस मी नुसती झोपले. रात्री तर झोपलेच, दुपारीही. बेदाण्याचं शेड मे महिन्यात रिकामं असतं. जाळ्यांचे मजले तसेच असतात, बाजूला हिरवं शेडनेट, आणि हंगाम उलटून गेला तरी गंधकाचा आणि द्राक्षं बुडवायच्या डिपिंग ऑइलचा वास अजून राहिलेला असतो. त्या वासात मी बाजेवर पडायचे आणि पाचला उठायचे. वहिनीने एकदाही उठवलं नाही. उलट तिने शेजारच्या बाईला परत पाठवलं. ती तिच्या मुलाचा इंग्रजीचा अभ्यास घ्यायला सांगायला आली होती. वहिनी म्हणाली, "ताई आजारी आहेत." मला तेव्हा कसंसंच झालं, पण तिचं बरोबर होतं.

मग सकाळी सातला बायकांबरोबर बागेत जायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. सबकेनचं काम असं असतं, की नव्या फुटीला सात पानं झाली की पाच पानं ठेवून वरचा शेंडा खुडायचा. मग बगलेतून दुसरी फूट निघते आणि त्या काडीवर चांगले डोळे धरतात. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि टच. कोवळा शेंडा मोडल्याचा तो आवाज अगदी बारीक असतो. मोडल्या जागी पाण्याचा थेंब येतो. अंगठ्याचं नख पहिल्या तासातच हिरवं होतं आणि साबणाने जात नाही. मान वर करून काम करायचं असतं, म्हणून पहिल्या दिवशी खांदे भरून आले. पण तीन तास मी पाचाच्या पुढे मोजलं नव्हतं. डोक्यात दुसरा आकडा नव्हता. साडेदहाला बांधावर भाकरी सोडली तेव्हा लक्षात आलं, की मला भूक लागली आहे. कित्येक महिने मी घड्याळ बघून जेवत होते.

या कामाचं मला जे बरं वाटलं ते असं, की ते संपायचं. ओळ झाली की झाली. मागे वळून बघितलं तर केलेलं काम दिसायचं, आणि त्याचा फोटो कुणाला पाठवायचा नव्हता. शिकवण्याचं फळ वर्षांनी दिसतं, आणि कागदांचं काम कधी संपतच नाही. या दोन्हींत अडकलेल्या माणसाला हाताने करायचं, एका सकाळी पुरं होणारं काम औषधासारखं लागू पडतं. बागच पाहिजे असं नाही. माझी एक मैत्रीण चंदगडकडची आहे, ती मेमध्ये काजू फोडायला बसते. दुसरी गोधडी शिवते. पण ते काम प्रदर्शनासाठी, स्टेटससाठी नको, आणि त्याचा "उपक्रम" करायचा नाही. आपल्याला प्रत्येक गोष्टीचा उपक्रम करायची सवय लागलेली असते, ती सुट्टीत मोडावी लागते. सुट्टीत ऑनलाइन कोर्स उरकून टाकू, प्रमाणपत्रं गोळा करू, असं मनात येतं. निदान पहिले वीस दिवस ते बाजूला ठेवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे. सगळं विसाव्याने बरं होत नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाला सुट्टीतही झोप लागेना, जेवण जाईना, आणि जगून काय करायचं असं तो बोलायला लागला. तो थकवा नव्हता, ते नैराश्य होतं. तो मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला, गोळ्या घेतल्या, आज नीट शिकवतो आहे. तीन आठवडे सक्तीने थांबूनही फरक पडत नसेल तर डॉक्टर गाठा, आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर तीन आठवडेही थांबू नका. टेलिमानस म्हणून सरकारची सेवा आहे, १४४१६ हा नंबर, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. शाळेच्या भिंतीवर आपण मुलांसाठी १०९८ लिहितो, तसा हा नंबर आपल्या फोनमध्ये असू द्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काय झालं ते सांगते. एप्रिलमध्ये छाटलेल्या काड्यांचा ढीग बांधाला पडला होता. उन्हाने खडखडीत वाळलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, तपकिरी. वहिनी चुलीसाठी त्यातल्या मोळ्या बांधत होती. मी एक काडी उचलली, बोटाएवढी मोडली, आणि हातात धरून उभी राहिले. शाळेतल्या दशकाच्या गठ्ठ्यांच्या काड्या झाडूच्या हिराच्या होत्या, तुटायच्या, पहिलीच्या मुलांच्या बोटांतून निसटायच्या. या काड्या धरायला छान होत्या. मधे पेर असल्यामुळे निसटत नव्हत्या. दादाची कात्री मागितली. संध्याकाळपर्यंत अंगणात बसून कापत होते. दादाची दुसरीतली लेक येऊन बसली, दहा-दहा मोजून सुतळीने बांधायला लागली. एका गठ्ठ्यात नऊच आल्या, तर तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिने गठ्ठा सोडला, पुन्हा मोजला. मी तिच्या ओठांकडे बघत होते. ते हलत होते, आवाज येत नव्हता. मला एकदम त्या मुलाची आठवण झाली आणि या वेळी पोटात तुटलं. वाईट वाटलं, म्हणजे काहीतरी परत आलं होतं.

तीस गठ्ठे झाले. कॅलेंडर बघितलं तर मी माहेरी येऊन सतरा दिवस झाले होते.

याचा अर्थ सुट्टीने सगळं सुटलं असा नाही. परत गेल्यावर तेच चार वर्ग होते, तेच ॲप. एका माणसाने चार माणसांचं काम करायचं, तर त्याला कितीही विसावा दिला तरी तो पुन्हा थकणारच. प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळाला पाहिजे, आणि कायद्यात नाहीत ती कामं बंद झाली पाहिजेत. ही मागणी संघटनेच्या निवेदनात असते, ती आपण घरातही, पालकसभेतही मोठ्याने बोलली पाहिजे. मी माझ्यापुरतं इतकं केलं, की संख्या भरायची ती मुलं जेवून उठल्यावर. संध्याकाळी सहानंतर ग्रुप बघायचे नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपार माझी. केंद्रातल्या एका परिषदेत हे उघड सांगितलं, तर दोन बायका बाहेर येऊन हात धरून म्हणाल्या, आम्हीपण करतो.

१५ जूनला प्रवेशोत्सव झाला. नव्या पहिलीत चार मुलं आली, त्यांना फुलं दिली, पुस्तकं दिली. पाऊस सकाळपासून लागून होता, कौलांवरून आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मी पिशवीतून गठ्ठे काढून टेबलावर रचले. तो मुलगा, आता तिसरीतला, पुढे आला आणि वास घेऊन बघितला.

"बाई, ही कसली लाकडं?"

"द्राक्षाची."

त्याने द्राक्षाची बाग कधी पाहिलेली नाही. मी फळ्यावर मांडव काढला, वेल काढली, डोळा कुठे असतो ते दाखवलं. मग त्याला म्हटलं, तुझं नवीन पुस्तक आण, माझ्याजवळ बस. मोबाइल कपाटात होता. तो वाचायला लागला. तिसऱ्या ओळीत "स्वच्छ" या शब्दापाशी अडला आणि त्याने सवयीने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत थांबले. बाहेर पाऊस चालूच होता. त्याने परत पुस्तकाकडे बघितलं, ओठ हलवले, आणि पुन्हा सुरुवात केली.